साखर, रोजा आणि पाठ विसरलेल्या पेशी

काही वर्षांपूर्वीचा रमजान. एप्रिलचं ऊन आणि एकोणिसावा रोजा. असरची नमाज आटोपून अब्बा घरी आले आणि पलंगाच्या कडेला बसले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. अम्मीनं कपाटातून साखर मोजायचं यंत्र काढलं. आकडा आला ५२. मी साखरपाण्याचा पेला पुढं केला, तर अब्बांनी तोंड फिरवलं. "बस, दीड घंटाच तो रहा है," एवढंच म्हणाले. शेवटी अम्मीनं पेला माझ्या हातातून घेतला आणि काही न विचारता त्यांच्या ओठांना लावला.

जिवावरचं टळलं, पण अब्बा त्या रात्री कुणाशी बोलले नाहीत. तरुणपणी एसटीच्या वर्कशॉपमध्ये लोखंड तापत असताना त्यांनी रोजे धरले होते, कधी एक सुटला नव्हता. आता घरी बसून रोजा मोडला, याची त्यांना शरम वाटत होती. दुसऱ्या दिवशी इमामसाहेब घरी आले. म्हणाले, "चाचा, आजारी माणसाला सवलत आम्ही मौलवींनी दिलेली नाही, ती कुरआनातच आहे. देणाऱ्यानं दिली, तर आपण नको म्हणणारे कोण?"

अब्बांच्या मनात आणखी एक काटा होता, तो मला नंतर कळला. मधुमेह निघाला तेव्हा त्यांचं वय एक्केचाळीस होतं. अंगानं काटकुळे, वजन जेमतेम चोपन्न किलो. चहात साखर घालायचे तीही अर्धा चमचा. तरीही वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत, समोरच्या आळीतल्या काकांपासून आमच्याच खालापर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "गोड फार खायचात का हो?" आपलंच काहीतरी चुकलं, ही टोचणी त्यामुळे त्यांच्या मनात घर करून बसली होती.

त्या रमजाननंतर मी या आजाराबद्दल वाचायला लागलो. डॉक्टरांना विचारत गेलो. जे समजलं ते आज या पानावर मांडतो आहे, कारण हा प्रश्न फक्त आमच्या मोहल्ल्याचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे रोजा धरणाऱ्या घरात आहे, तसाच एकादशी आणि नवरात्र करणाऱ्या घरातही आहे.

पोटातली बेटं

जठराच्या मागं आडवं पडलेलं, साधारण वीतभर लांबीचं स्वादुपिंड हे मुख्यतः अन्न पचवणारा रस तयार करतं. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाचा एकवीस-बावीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी त्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याला मध्ये मध्ये वेगळ्याच पेशींचे छोटे पुंजके दिसले, समुद्रात बेटं असावीत तसे. ते तिथं काय करतात, हे त्याला उमगलं नाही, तसं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंही. पुढं त्या बेटांना त्याचंच नाव मिळालं.

वीस वर्षांनी, १८८९ साली, जर्मनीतल्या दोन संशोधकांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मग १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून साखर खाली आणणारा अर्क मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये तो एका चौदा वर्षांच्या मरणासन्न मुलाला टोचला गेला. पहिल्या खेपेला फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप या रसायनतज्ज्ञानं अर्क अधिक शुद्ध केल्यावर मात्र मुलाची साखर उतरली. इन्शुलिन हे नावच मुळी लॅटिनमधल्या बेट या शब्दावरून आलं आहे.

आपल्या प्रत्येकाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात. सगळी मिळून त्या अवयवाच्या शंभरातला एखाददुसरा भागच भरतो. या बेटांमधल्या बीटा नावाच्या पेशी रक्तातली साखर जोखतात आणि तेवढं इन्शुलिन सोडतात. रक्तातली साखर खाली आणणारं शरीरातलं मुख्य संप्रेरक हेच, आणि ते मुळात याच पेशी तयार करतात.

इथंच मला पहिला प्रश्न पडला. इन्शुलिन कसं बनवायचं याची कृती आपल्या अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. ती शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत असते. डोळ्याच्या पेशीत आहे, तळपायाच्या कातडीतही आहे. मग इन्शुलिन फक्त त्या इवल्या बेटांवरच का बनतं?

किताब एकच, पाठ वेगळा

रमजानच्या रात्री मशिदीत तरावीहची नमाज होते. पुढं उभा असलेला हाफिज म्हणजे ज्याला सबंध कुरआन तोंडपाठ आहे असा माणूस. पण तो एका रात्रीत सगळं म्हणत नाही, त्या रात्रीचा ठरलेला भागच म्हणतो. त्याच्या मागच्या रांगेत आणखी एक जाणकार उभा असतो, त्याला सामे म्हणतात. हाफिज कुठं अडखळला, एखादा शब्द सुटला, तर सामे हलकेच तो शब्द पुरवतो आणि पाठ पुढं सुरू होतो.

समजण्यापुरतं हे उदाहरण घेऊ. आपली प्रत्येक पेशी त्या हाफिजसारखी आहे. सुमारे वीस हजार जनुकांची सगळी किताब तिच्याजवळ आहे. पण हृदयाची पेशी हृदयाचाच पाठ म्हणते आणि बीटा पेशी इन्शुलिनचा. कुठला पाठ कुणी म्हणायचा, किती मोठ्यानं म्हणायचा आणि कधी थांबायचं हे ठरवण्याच्या व्यवस्थेला जनुकांचं नियमन म्हणतात.

पेशीतला सामे म्हणजे काही खास प्रथिनं. ती जनुकाच्या अलीकडच्या भागाला जाऊन चिकटतात आणि वाचन सुरू करून देतात. बीटा पेशीत पीडीएक्स१, माफा आणि न्यूरोडी१ ही अशी महत्त्वाची तीन नावं आहेत. जेवण झालं, साखर वाढली की ही प्रथिनं इन्शुलिनच्या जनुकाचं वाचन वाढवतात. पीडीएक्स१ तर इतकं मुळाशी आहे की ज्या उंदरांमध्ये ते अजिबातच नव्हतं, त्यांच्यात स्वादुपिंडच घडलं नाही.

उरलेला पाठ बंद कसा राहतो? डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. नको असलेला भाग घट्ट गुंडाळून ठेवला जातो, हवा असलेला सैल सोडला जातो. काही ठिकाणी बारीक रासायनिक खुणा करून 'हे वाचू नका' असंही सांगितलेलं असतं. यात अक्षर एकही बदलत नाही. बदलतं ते फक्त वाचन.

सामे गप्प झाला तर

मधुमेहात बीटा पेशी मरून जातात, असं मला वाटायचं. लहान वयातल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते बरंचसं खरंही आहे. तिथं शरीराचीच संरक्षण यंत्रणा या पेशींवर हल्ला करते. पण मोठ्या वयातल्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची गोष्ट वेगळी निघाली.

या आजारात शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. मग बीटा पेशींना जास्त इन्शुलिन करावं लागतं. काही वर्षं त्या ओढून नेतात. पुढं रक्तातली साखर सततच वाढलेली राहू लागते आणि त्या साखरेचा मारा बीटा पेशींवरच होतो. त्या माऱ्यानं माफा आणि पीडीएक्स१ कमी होत जातात. मधुमेह झालेल्या माणसांनी मरणोत्तर दिलेल्या स्वादुपिंडांमध्येही ही प्रथिनं घटलेली आढळली आहेत. म्हणजे पाठ पुरवणाराच गप्प झाला. इन्शुलिनची कृती जागच्या जागी, अक्षर न् अक्षर शाबूत आहे, पण ती वाचली जात नाही.

२०१२ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डोमेनिको अचिली यांच्या गटानं उंदरांमध्ये एक गोष्ट दाखवली. ताणाखाली आलेल्या अनेक बीटा पेशी मेल्याच नव्हत्या. त्या जिवंत होत्या, पण आपण बीटा पेशी आहोत हेच विसरल्या होत्या. काही तर साखर वाढवणारं, म्हणजे अगदी उलट काम करणारं संप्रेरक करू लागल्या होत्या. पुढं माणसांच्या पेशींतही अशा खुणा सापडल्या. दोन वर्षांनी अमेरिकेतल्याच दुसऱ्या गटानं मधुमेही उंदरांची साखर बाहेरून इन्शुलिन देऊन आटोक्यात ठेवली, तेव्हा विसरलेल्या पेशींपैकी काहींना आपला पाठ पुन्हा आठवला.

माणसांच्या बाबतीत ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीनं आशा वाढवली. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नाहीत आणि इन्शुलिन सुरू नाही, अशा लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार दिला गेला. त्यांची साखरेची औषधं बंद केली होती. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली आणि बीटा पेशींचं काम सुधारलं, असं संशोधकांना दिसलं. वजन पुन्हा वाढलं की साखरही परतते, हेही त्याच चाचणीनं पुढं दाखवलं.

यावरून कुणी 'मग रोजे धरा, साखर बरी होईल' असं म्हणेल, तर ते चूक आहे. ती चाचणी मोजूनमापून दिलेल्या आहाराची होती. दिवसभर पाणीही न पिता संध्याकाळी भजी, समोसे आणि शरबतावर बसणं म्हणजे तो आहार नव्हे. दिवसभर एकादशी करून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मग चूक कुणाची?

आता अब्बांच्या टोचणीकडं येतो.

जनुकांच्या अभ्यासातून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी जोडलेली शेकडो ठिकाणं डीएनएवर सापडली आहेत. त्यातली बहुतेक ठिकाणं प्रथिनाची कृती लिहिलेल्या भागात नाहीतच. ती मधल्या मोकळ्या वाटणाऱ्या भागात आहेत, ज्याला एकेकाळी अडगळ समजलं जायचं. नीट पाहिल्यावर कळलं की त्यातली पुष्कळ ठिकाणं स्वादुपिंडाच्या बेटांमधल्या जनुकांच्या बटणांवर पडतात. यातलं सर्वात ठळक नाव टीसीएफ७एल२. आइसलंडमधल्या संशोधकांनी ते २००६ साली शोधलं. त्यातला जोखमीचा बदल एका पालकाकडून आला, तर मधुमेहाची शक्यता साधारण १.४ पट होते, दोघांकडून आला तर दुपटीच्या घरात जाते. हा बदल जगभरात कोट्यवधी लोकांत आहे. त्याला गरीब-श्रीमंत किंवा धर्म-जात कळत नाही.

बटण बिघडल्यानं किती फरक पडतो, याचं एक टोकाचं उदाहरण २०१४ साली पुढं आलं. काही मुलं स्वादुपिंडाशिवायच जन्मली होती. त्यांच्या पीटीएफ१ए या जनुकात दोष नव्हता. दोष होता त्या जनुकापासून पंचवीस हजार अक्षरं लांब असलेल्या एका छोट्या बटणात.

काही घराण्यांत तर नियमन करणाऱ्या एकाच जनुकातला बदल पिढ्यानपिढ्या मधुमेह देतो. त्याला मोडी म्हणतात (आपल्या मोडी लिपीशी त्याचा संबंध नाही). आजी, बाप आणि मुलगा, तिघांनाही तरुणपणी, बऱ्याचदा पंचविशीच्या आत साखर निघाली आणि अंग सडपातळ असेल, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं भारतात यावर बरंच काम केलं आहे. यातल्या एचएनएफ१ए या प्रकारात अनेकांना इन्शुलिनच्या सुईऐवजी जुन्या, स्वस्त गोळीची लहान मात्रा पुरते. निदान बरोबर झालं, तर एखाद्या तरुणाची रोजची सुई सुटू शकते.

दुसरा धागा आपल्या जवळच्याच मातीत सापडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण ही किडकिडीत बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, चरबीनं फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी. २००४ साली याज्ञिक यांनी लंडनच्या आपल्या सहकाऱ्याबरोबरचा फोटो छापला. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर सारखंच, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. चोपन्न किलोच्या अब्बांना मधुमेह कसा, याचं उत्तर शोधताना मला हा फोटो फार उपयोगी पडला.

आईच्या पोटातली उपासमार बाळाच्या जनुकांपर्यंत पोचते ती कशी? इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर हे पाहिलं. गर्भारपणी आईला प्रथिनं कमी दिली, तर पिल्लांच्या स्वादुपिंडात एचएनएफ४ए या जनुकाच्या बटणावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या आणि वय वाढलं तसा तो पाठ आणखी मंद होत गेला. अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, गर्भातच रक्तपुरवठा कमी पडलेल्या पिल्लांमध्ये पीडीएक्स१ वर हळूहळू कुलूप बसत गेलं आणि मोठेपणी त्यांना मधुमेह झाला. माणसांत प्रत्येक दुवा असाच जुळतो, असा दावा करता येणार नाही. पण दिशा दिसते.

अब्बांचा जन्म १९५२ चा. दादी सांगायची, त्या वर्षी पाऊस नव्हता, ती दिवसातून एकदा ज्वारीची भाकरी खायची आणि मोठ्या मुलांच्या ताटात उरलेलं पुसून घ्यायची. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या अम्मीची भूक होती ती." मी म्हटलं, नक्की कुणी सांगू शकणार नाही अब्बा, पण लाडूची चूक नव्हती, एवढं नक्की.

याचा अर्थ खाण्यावर ताबा नको, चालायला नको, असा नाही. बटणं नाजूक असतील, तर त्यांच्यावर भार कमी घालणं आणखी गरजेचं. वजन, व्यायाम, झोप, वेळच्या वेळी औषध या गोष्टी आपल्या हातात आहेत. आईबापांकडून काय आलं ते हातात नाही. जे हातात नाही, त्याबद्दल माणसाला शरमेत ढकलू नये, इतकंच. शरमेनं माणूस साखर लपवतो आणि लपवलेली साखर डोळे, मूत्रपिंड आणि पाय खाते.

रोजा धरणाऱ्यांसाठी आणि उपास करणाऱ्यांसाठी

२००१ साली तेरा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुस्लिमांपैकी जवळपास ७९ टक्के लोक रमजानमध्ये किमान पंधरा रोजे धरतात. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही या महिन्यात कित्येक पटींनी वाढले होते. म्हणून डॉक्टरांचं सांगणं असं आहे:

रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या उपाशीपोटी साखर एकदम खाली आणतात. त्यांची मात्रा आणि वेळ बदलावी लागते, ती स्वतःच्या मनानं बदलू नका.

बोटाला टोचून साखर मोजल्यानं रोजा तुटत नाही, असं उलेमाही सांगतात. त्यामुळे दुपारी आणि असरच्या सुमाराला मोजा.

साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर घड्याळ न पाहता रोजा सोडा. घाम, थरथर, गोंधळ जाणवला, तर आकड्याचीही वाट पाहू नका.

सहेरी चुकवू नका आणि शक्य तितकी उशिरा करा. इफ्तारला खजूर एखादीच, तळलेलं कमी, पाणी भरपूर.

पहिल्या प्रकारचा मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, गर्भारपण किंवा अलीकडंच साखर फार उतरल्याचा प्रसंग असेल, तर रोजा न धरण्याचा सल्ला मिळण्याची शक्यता मोठी. बरं होण्याची आशा नसलेला आजारी माणूस रोज एका गरजूला जेवण देऊन फिदिया अदा करू शकतो.

नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या मधुमेही बहिणींनाही हाच सल्ला आहे, त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

अब्बा आता रोजे धरत नाहीत. फिदियाचा डबा रोज दुपारी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडं जातो, तो ते स्वतः पोचवतात. संध्याकाळी मशिदीत इफ्तारची फळं चिरायला सर्वात आधी बसतात. परवा एका तरुणानं त्यांना विचारलं, "चाचा, गोड फार खायचात का?" अब्बांनी कलिंगडाची फोड त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "बैस. सांगतो. थोडा वेळ लागेल."